हेलिपॅडवरचं पाणी

"पुन्हा एकदा मारून घ्या," नायब तहसीलदार म्हणाले. "तिकडचा कोपरा वाळला बघा."

कॉलेजच्या ग्राउंडवर चुन्याने मोठं वर्तुळ आखलं होतं, मधोमध इंग्रजी एच. कडेला आमची लाल गाडी उभी होती. मे महिन्यातली दुपार. पाणी मातीवर पडायचं, वाफ यायची आणि जरा वेळाने तीच माती पुन्हा पांढरी व्हायची. सकाळपासून आमचं हेच चाललं होतं. मंत्री सकाळी येणार होते, मग जेवायच्या वेळी, मग जेवण झाल्यावर.

"साहेब, टाकीत पाणी कमी राहिलंय," मी म्हणालो.

"मग पटकन मारा."

या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. पण मी गाडीकडे वळून हात केला आणि रूपालीने पुन्हा ब्रँच उचलली. ब्रँच म्हणजे पाइपाच्या टोकाला असते ती पितळेची तोटी. ती धरायची, गाडीवरचा माणूस पंप चालू करतो, आणि पाणी सुटलं की पाय घट्ट रोवून उभं राहायचं. रूपाली छान उभी राहायची. चुना पुसला जाणार नाही अशा बेताने ती वर्तुळाच्या कडेकडेने पाणी मारत होती.

मी नगर परिषदेच्या अग्निशमन विभागात आहे. गावाचं नाव सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यात नगर परिषदेची गावं मोजकीच आहेत आणि मला अजून थोडी नोकरी करायची आहे. आमच्याकडे कागदावर दोन गाड्या. त्यातली एक होळीपासून अकोल्याच्या वर्कशॉपमध्ये पडून होती. म्हणजे त्या दिवशी गावात एकच गाडी होती आणि ती हेलिपॅडवर होती.

हेलिपॅडवर गाडी लागतेच, तो नियम आहे आणि योग्य आहे. हेलिकॉप्टरमध्ये इंधन असतं. उतरताना काही झालं तर आग विझवायला कोणीतरी जवळ हवं. पण हेलिकॉप्टर उतरताना पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडते, आणि स्वागताला उभी असलेली मंडळी पांढऱ्या कपड्यांत असतात. गाडी उभीच आहे, तिच्यात पाणीही आहे, मग धूळ बसवायचं कामही तिलाच द्यावं असं कोणाच्या तरी डोक्यात कधीतरी आलं असणार. मी नोकरीला लागलो तेव्हाही ही पद्धत होती. त्यामुळे होतं असं, की ज्या आगीसाठी गाडी उभी आहे ती लागलीच तर टाकीत पाणी नसतं. हेलिकॉप्टर अजून एकही जळालं नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

रूपालीच्या लक्षात आलं होतं. पहिल्यांदा पाणी मारून झालं तेव्हाच तिने विचारलं, "सर, अर्धी टाकी ठेवू का?"

"कशाला?"

"आगीसाठी."

भोपळे भाऊ, आमचे ड्रायव्हर, गाडीच्या सावलीत बसले होते. ते हसले. "आग कुठी लागली बाई? इथं तं हेलिकॉप्टर येऊन राह्यलं."

मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

रूपाली वडनेर भोलजीची. नोकरीला लागून तिला वर्ष होत आलं होतं, प्रोबेशन संपायला आलं होतं. प्रोबेशन म्हणजे नोकरी लागली पण पक्की नाही असा काळ. तो संपला की वरिष्ठाने लिहून द्यायचं, हा माणूस कामाला लायक आहे की नाही. तिचा वरिष्ठ मी. आमच्या स्टेशनवर बाई आली ती हीच पहिली. सुरुवातीला लोक तिला ऑफिसातली क्लार्क समजायचे आणि घरपट्टीचं विचारायचे.

भरतीच्या वेळी पन्नास किलोचा डमी खांद्यावर घेऊन पळावं लागतं. डमी म्हणजे माणसाच्या आकाराचं भरलेलं पोतं. अर्धी पोरं तिथेच बसतात. हिने तो एका दमात नेला. मी तिला विचारलं होतं, एवढी सगळी खाती सोडून इकडे का आलीस. ती म्हणाली, "सर, आमच्या गावावरून हायवे जाते. मी शाळेत होतो तवा एक ट्रक पेटला होता. सारे लोकं नुसते पाहून राह्यले होते. मंग लाल गाडी आली आन् सारे बाजूले झाले. गाडी आली म्हून कोनी रडाचं थांबलं, असं मी पयल्यांदा पाह्यलं."

असं कारण घेऊन या नोकरीत आलेल्या माणसाचं मला भय वाटतं. पगारासाठी आलेला टिकतो.

तर त्या दुपारी आम्ही तिसऱ्यांदा कोपरा ओला करत होतो आणि माझा मोबाइल वाजला. स्टेशनवर फोनजवळ बसणारा माणूस बोलत होता. "साहेब, गादीच्या दुकानाले आग लागली. युनूस भाईच्या. दुकानावरच्या खोलीत त्याची माय हाय म्हनते."

युनूसचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. गावातल्या अर्ध्या घरांतल्या गाद्या त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातच्या. माझ्या घरातल्याही. लोक जुनी गादी आणून देतात, ती उसवून तो कापूस यंत्रात पिंजतो आणि नवीन खोळीत भरतो. जुन्या गादीत काय नसतं? टाचण्या, हेअरपिना, एखादा खिळा. लोखंड यंत्रात गेलं की ठिणगी उडते, आणि भोवती सगळा पिंजलेला कापूस. पिंजलेल्या कापसाला आग लागत नाही, ती त्याच्यावरून पळते. ती ज्वाळ तेवढी मोठी नसते. त्यानंतर कापूस आतल्या आत धुमसतो आणि धूर सोडत राहतो. माणूस आगीत जळण्याच्या खूप आधी धुराने जातो.

मी नायब तहसीलदारांकडे गेलो. "साहेब, गाडी न्यावी लागते. गावात आग लागली. माणूस अडकलंय."

"आत्ताच मेसेज आला, हेलिकॉप्टर निघालंय. आता गाडी हलवता येणार नाही."

"साहेब, टाकीत पाणीच नाही. ही गाडी इथे आता फक्त उभी आहे."

"उभीच पाहिजे आहे. हेलिपॅडच्या पाहणीत गाडी दिसली पाहिजे."

ते वाईट माणूस नव्हते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं. हेलिपॅडची जबाबदारी त्यांच्या नावावर होती. गादीचं दुकान त्यांच्या नावावर नव्हतं.

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. मुख्याधिकारी म्हणजे नगर परिषदेचे साहेब, माझे सर्वांत वरचे. ते ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला मांडवात बुके घेऊन उभे होते, मला इथून दिसत होते. त्यांनी फोन पाहिला आणि खिशात ठेवला. मी पळत गेलो.

"तायडे, दहा मिनिटं," ते हळू आवाजात म्हणाले. "लँडिंग झालं की तुम्ही निघा. तोवर पोलिसांना पाठवतो मी तिकडे."

"पोलीस काय करतील साहेब?"

"आणि तुम्ही काय कराल? पाणी आहे का गाडीत?"

साहेब हुशार आहेत. मी आभाळाकडे पाहिलं, काही दिसत नव्हतं. मग गाडीकडे परत आलो.

रूपालीने होज गुंडाळून गाडीत ठेवला होता. होज म्हणजे आमचा कॅनव्हासचा पाइप. तो नीट गुंडाळायला वेळ लागतो, म्हणजे मी दोघांशी बोलत होतो तेव्हाच तिने ते काम उरकलं होतं. ती गाडीत जाऊन बसलीही होती. हेल्मेट डोक्यावर. माझ्याकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती.

"भोपळे भाऊ, चला," मी म्हणालो.

"साहेब, नोकरी माही बी हाय."

"मी सांगितलं म्हणून नेली, असं सांगा."

त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं आणि चावी फिरवली. मागून नायब तहसीलदार हात हलवत येत होते. आम्ही गेटमधून बाहेर पडलो.

आता प्रश्न पाण्याचा. गाडीच्या कडेला काचेची नळी असते, तिच्यात टाकीतलं पाणी दिसतं. ती तळाला टेकली होती. भरून घ्यावं तर कुठून? मे महिन्यात आमच्याकडे नळाला पाणी आठवड्याने येतं, उंच टाकी कोरडी असते. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये आगीसाठी हौद असतो, तो भरलेला असतो, पण जिनिंग गावाबाहेर आणि आग गावाच्या पोटात. आधी भरायला गेलो तर आणखी उशीर. न भरता गेलो तर रिकाम्या हाताने. मी ठरवलं, आधी जायचं. वाटेत शेजारच्या तालुक्याला फोन करून त्यांची गाडी मागवली. वॉर्डात फिरणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरलाही फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आताच नळी सोडली. बाया हंडे घेऊन उभ्या हायेत. त्याईच्या हातातून कसा नेऊ?"

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवावी लागली. पुढे गर्दीत ती जात नव्हती. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग वाट दिली. एक दगड आरशाला लागला. दरवेळी लागतो, त्याचं आता काही वाटत नाही. रूपालीने मात्र मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक तो हायवेवरचा ट्रक असावा.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आतून पिवळसर पांढरा धूर लोटासारखा बाहेर येत होता. युनूसने गाद्या ओढून बाहेर काढल्या होत्या, त्याच्या दोन्ही हातांची कातडी सोलली होती आणि तो तसाच बादली उचलत होता. वरच्या खोलीचा जिना दुकानाच्या आतून होता. आपल्याकडे असंच बांधतात, खाली धंदा आणि वर संसार, आणि दोन्हींना दार एकच.

"अम्मी वर हाय," तो म्हणाला. "आवाज देत होती. आता देत नाई."

मागच्या बोळात एक खिडकी होती, वरच्या खोलीची, गज नसलेली. तिथे शिडी लावता येत होती. धुरात जायचं तर पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क लागतो. आमच्याकडे असे दोन सेट आहेत. एकाचा सिलिंडर संपलेला, तो भरून आणायला मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि पाठवलेला नव्हता. दुसरा भरलेला होता. त्या खिडकीतून सिलिंडरसकट माझं पोट गेलं नसतं. भोपळ्यांना पंप सोडता येत नाही.

मी रूपालीकडे पाहिलं. तिने सेट आधीच पाठीवर चढवला होता.

"ट्रेनिंगनंतर वापरलाय का कधी?"

"नाई सर."

"जाशील?"

"हाव."

मी बेल्ट तपासले, मास्क घट्ट केला, दोर तिच्या कमरेला बांधून बोळातल्या एका धडधाकट माणसाच्या हातात दिला आणि पुढे पळालो. माझं काम जिन्यावर पाणी मारायचं होतं. आग जिन्याने वर चढू द्यायची नाही, एवढंच. ब्रँच धरून मी शटरखाली वाकलो आणि भोपळ्यांना हात केला.

पाणी आलं. चांगल्या जोराने आलं. जिन्याच्या पायऱ्या दिसायला लागल्या. मी मनात म्हणालो, पुरेल.

पंप चालवणाऱ्याला पाणी संपलेलं आवाजावरून कळतं. पंप भरल्या आवाजात चालतो, हवा ओढायला लागला की किरकिरतो. मी पुढे होतो, मला ते कळलं काखेतल्या होजवरून. होज दगडासारखा कडक होता तो मऊ झाला, मग लोंबला. ब्रँचमधून थोडं पाणी ओघळलं आणि थांबलं. मागून भोपळे ओरडले नाहीत. ओरडून काय सांगणार होते?

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी मला वाटलं छत चाललं. ते हेलिकॉप्टर होतं. गल्लीवरून कमी उंचीवरून गेलं, एवढ्या कमी की पत्रे थरथरले. बादल्या हातात धरलेले सगळे लोक वर पाहायला लागले. युनूसनेही पाहिलं. पोरं मोबाइल वर करून शूटिंग घेऊ लागली. मग ते कॉलेजच्या दिशेने गेलं आणि लोकांनी पुन्हा बादल्या चालू केल्या. जिन्याखालचा कापूस परत पेटला होता.

मी बोळात गेलो. रूपाली खिडकीत आली होती. युनूसची आई हलिमाबी तिच्या खांद्यावर होत्या, भरतीच्या मैदानावर डमी होता तशाच. दोघा-तिघांनी शिडी धरली. ती एकेक पायरी बघून खाली उतरली, घाई केली नाही. अगदी शिकवल्यासारखी. मी इतकी वर्षं माणसं उतरवली आहेत, त्यापेक्षा तिने चांगलं उतरवलं.

हलिमाबींचा श्वास चालू नव्हता. नाकाभोवती काजळी होती. रूपालीने मास्क ओढून काढला आणि त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. मी मोजत होतो. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हाही ती दाबतच होती, तिला हाताला धरून उठवावं लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "धुराने गेल्या. जरा आधी..." मग माझा युनिफॉर्म पाहून थांबले.

शेजारच्या तालुक्याची गाडी भरल्या टाकीने आली आणि तिने आग विझवली. आम्ही नंतर जिनिंगवरून पाणी भरून आणलं आणि संध्याकाळपर्यंत कापूस उपसून भिजवत बसलो. रूपाली एकदाच बोलली.

"सर, डमीपेक्षा लई हलक्या होत्या."

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. मला वाटलं आगीबद्दल असेल.

"किती धूळ उडाली माहीत आहे?" ते म्हणाले. "बुके, सत्काराच्या शाली, सगळ्यांवर थर. स्टेजवरचा कागद उडून गेला. मंत्रीसाहेब खोकत होते."

"साहेब, पाणी तर मारलं होतं. वाळलं."

"तेच म्हणतोय ना. तुम्ही असता तर पुन्हा मारलं असतं."

मला नोटीस मिळाली. परवानगीशिवाय बंदोबस्ताची जागा सोडली, खुलासा करा. आगीला उशिरा पोचल्याबद्दल नोटीस नव्हती. कोणी विचारलंच नाही. तशी नोटीस आली असती तर बरं वाटलं असतं, असं मला मनापासून वाटलं. निदान कोणीतरी मोजतंय असं झालं असतं. मी खुलासा दिला, तो मान्य झाला नाही, सर्व्हिस बुकात शेरा पडला. भोपळ्यांवर काही आलं नाही, तेवढं मी सांभाळलं.

काही दिवसांनी युनूस स्टेशनवर आला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तो तक्रार करायला आला असेल म्हणून मी खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला. तो म्हणाला, मला त्या बाईंना भेटायचंय. रूपाली मागे होज वाळत घालत होती, ती आली.

"ताई, तुमाले सांगाचं होतं," तो म्हणाला. "अम्मीले गुसल देताना, म्हंजे शेवटची आंघोळ घालताना, बायाईनं सांगतलं, अंगावर एक डाग नोहता. आग लागू नाई देली तुमी. लई लोकं नुसते पाहून राह्यले होते. तुमी वर गेल्या."

रूपालीने ओले हात पँटला पुसले.

"मी गाडीची वाट पाहून राह्यलो होतो," तो पुढे म्हणाला. "येत नाई, येत नाई. मंग मी मनाले समजावलं. म्हटलं दुसऱ्या आगीले गेली असन. दुसऱ्या कोनाचं घर जळत असन. गाडी एकच, कोठी कोठी जाईन बिचारी."

मी चहाच्या कपाकडे पाहिलं. त्याने स्वतःच एक बरं कारण शोधलं होतं. त्यात कोणाचा दोष नव्हता, आणि त्याला त्याच्यावर झोप लागत होती. मला वाटलं, राहू द्यावं. मी रूपालीकडे डोळ्यांनी खूण केली.

"नाई भाऊ," ती म्हणाली. "दुसरी आग नोहती."

"मंग?"

"गाडी कॉलेजवर होती. पानी हेलिपॅडवर मारलं आमी. मीच मारलं."

"काऊन?"

"धूळ उडू नाई म्हून."

युनूसने कप टेबलावर ठेवला. पट्टी बांधलेल्या हातांनी त्याला तो नीट ठेवता येत नव्हता, थोडा चहा सांडला. "धूळ," तो म्हणाला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. मग उठला, सलाम केला आणि गेला. त्याने तक्रार केली असती तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो, असं मी तेव्हा मनात ठरवलं होतं. त्याने केली नाही. आता त्याचं दुकान बंद आहे, तो मलकापूरला कोणाकडे तरी कामाला जातो असं ऐकलं.

"सांगायची काय गरज होती?" मी रूपालीला विचारलं.

"त्याईनं काऊन समजूत घालाची, सर? आपल्यासाठी?"

त्या दिवशी मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. ही टिकणार नाही, हे मी पक्कं धरून चाललो. राजीनामा देईल, स्पर्धा परीक्षा देईल, तलाठी होईल. एका अर्थी राजीनामा देवोच, असंही वाटलं. दोन-तीन दिवस ती आली नाही, मग आली. होज धुतले, वाळवले, गुंडाळले.

मी एक काम केलं. बंदोबस्ताच्या पुढच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, हेलिपॅडवर धुळीसाठी वेगळा टँकर द्या, आमची टाकी भरलेली राहू द्या. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एक साहेब म्हणाले, "सूचना चांगली आहे. पण टँकर टंचाईच्या वॉर्डात लागतात ना. लोकांचं पिण्याचं पाणी कसं तोडणार?" या साहेबलोकांशी बोलताना शेवटी माझ्याकडेच उत्तर नसतं. अकोल्याहून दुसरी गाडी दुरुस्त होऊन आली. तिला ड्रायव्हर मंजूर नाही.

रूपालीचं प्रोबेशन संपलं. मी लिहून दिलं, कामाला लायक आहे. खोटं काहीच लिहिलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा एक दौरा लागला. मंत्री दुसरे, ग्राउंड तेच. पाऊसकाळ संपून माती पुन्हा मोकळी झाली होती. आम्ही सकाळीच जाऊन गाडी लावली. वर्तुळ आखून झालं होतं. नायब तहसीलदार बदलून नवीन आले होते, तरुण होते, त्यांना काय सांगायचं असतं तेही माहीत नव्हतं. ते नुसते हेलिपॅडभोवती फिरत होते. मी पाण्याचा विषय काढला नाही. मनात म्हटलं, त्यांना सुचेपर्यंत तरी टाकी भरलेली राहील.

रूपाली गाडीतून उतरली. तिने होज सोडला, ब्रँच जोडली, भोपळ्यांना हात केला. मी काही बोलायच्या आत पाणी सुरू झालं. चुना सांभाळत, कडेकडेने, पाय घट्ट रोवून तिने सगळं वर्तुळ भिजवलं. तिने अर्धी टाकी ठेवायचं विचारलं नाही. जरा वेळाने ती माझ्याकडे आली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "सर, तिकडचा कोपरा वाळला. अजून एकदा मारू का?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असेल असं वाटलं. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

"मार," मी म्हणालो.

आम्ही शाळांमध्ये प्रात्यक्षिकं दाखवायला जातो तेव्हा मुलं विचारतात, फायरमन व्हायला काय करावं लागतं. मी सांगतो, पळायची सवय ठेवा, दोर चढायला शिका, पन्नास किलो वजन खांद्यावर घेता आलं पाहिजे. बाकीचं नोकरीत शिकवतात.